झोळीतला अग्गूं

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या शिवारात कांद्याची काढणी लागली की बांधावरच्या लिंबाला साडीची एखादी झोळी हमखास दिसते. झोळीतून आवाज येत असतात. गूं, अग्गूं, मध्येच फुर्रर्र. हे रडणं नव्हे. रडणं असतं तर आई विळा टाकून धावली असती. आजी पात कापता कापता जागेवरूनच विचारते, "व्हय का गं? मंग काय झालं?" झोळी गप्प होते, ऐकून घेते आणि मग आपलं म्हणणं पुढे रेटते. ग्रामसभेत इतकी शिस्त सापडायची नाही.

या 'अग्गूं'साठी अमेरिकेतले संशोधक किंब्रो ऑलर यांनी हयात घालवली. 2013 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रडणं म्हणजे त्रासच. पण 'गूं' बाळ खुशीत काढतं, वैतागून काढतं आणि उगीचही काढतं. आवाज तोच, भाव हवा तो. भाषेला सुरुवात होते ती इथे. गंमत म्हणजे यातले बहुतेक आवाज कुणाला उद्देशून नसतातच. माणसाचं पोर फार काळ परावलंबी. तेव्हा 'मी ठणठणीत आहे, मला सांभाळा' असं कळवत राहणारी पोरं जास्त जगली असावीत, असा ऑलर यांचा तर्क. थोडक्यात, अग्गूं ही मूळची जाहिरात!

रडण्यालाही हेल असतो. संशोधक कॅथलीन वेर्मके यांना 2009 साली फ्रेंच तान्ह्यांचं रडणं चढत्या सुराचं आढळलं, जर्मन तान्ह्यांचं उतरत्या. आईचा हेल पोटातच उचललेला. शिरूरकडचं बाळ शिरूरच्याच हेलात रडत असणार, याबद्दल निदान माझ्या मनात शंका नाही.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो पोरांनी हातानं काम करत शिकावं म्हणून. झोळीतली विद्यार्थिनी त्याच पद्धतीची. तिचं वर्कशॉप फक्त गळ्यात. सहाव्या-सातव्या महिन्यात तिथून 'बाबाबा' बाहेर पडतं आणि बाप गावभर सांगत सुटतो. मिटलेले ओठ उघडले की 'बा' होतो, बापाचा त्यात काही हात नाही. पण हे त्याला सांगू नये.

एक मात्र घरच्यांना सांगायलाच हवं. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला अग्गूं करतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. अडतं ते 'बाबाबा'पाशी. दहा महिने उलटूनही ते आलं नाही, तर जिभेला वेखंड लावत बसू नका. आधी कान तपासून घ्या.