काटेवाले

काटेवाले हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खऱ्या आडनावाची पाटी दारावर आहे, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नाही. असे काटेवाले पुण्यात कोथरूडपासून वाघोलीपर्यंत कुठेही सापडतात. ओळखायची खूण सोपी आहे. रविवारी सकाळी बॉनेट उघडं, फरशीवर कालचं वर्तमानपत्र, त्यावर पाने-पक्कड ओळीने मांडलेली, आणि गाडीला काहीही झालेलं नसतं. बिघडलेल्या गाडीत कुणीही हात घालील. धडधाकट गाडीत घालायला काटेवाले लागतात.

आमच्या काटेवाल्यांची गाडी म्हणजे चाकणला तयार झालेली पोलो. 1.2 लिटर, टर्बो पेट्रोल, 105 पीएस. हे आकडे मला त्यांनीच पाठ करून घेतले आहेत. कंपनीने डॅशबोर्डवर वेग दाखवला, आरपीएम दाखवला, पेट्रोल दाखवलं. फक्त टर्बो हवा किती दाबाने कोंबतोय, तेवढं दाखवायचं राहिलं. तुमच्या-माझ्यासारख्याला ही उणीव जन्मात जाणवली नसती. काटेवाल्यांची झोप उडाली.

“घरात माणूस कामाला ठेवलाय, तर तो येतो की नाही हे बघाल की नाही?” ते मला म्हणाले.

“भांडीवाली चार दिवस आली नाही, ते मी सांगितल्यावर कळलं तुम्हाला,” वहिनी गॅलरीतून म्हणाल्या.

यथावकाश बूस्ट गेज आलं. 52 मिलिमीटरची तबकडी, मधोमध शून्य. डावीकडे व्हॅक्यूम, उजवीकडे बूस्ट. आत वाकवलेली पितळी नळी असते, दाब वाढला की ती सरळ होऊ बघते आणि काटा हलतो. ही युक्ती बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाची, पेटंट 1849 चं. काटेवाले हे नाव इतक्या जिव्हाळ्याने घेतात की तो गृहस्थ सदाशिव पेठेतच कुठेतरी भाड्याने राहत असावा असं वाटतं. भाच्याने सुचवून पाहिलं, “मामा, ओबीडीला एक डबी खोचली की सगळं मोबाईलवर दिसतं.” त्यावर उत्तर आलं, “ते गाडीने सांगितलेलं झालं. मला गाडीच्या नकळत बघायचंय.”

आता गेजपर्यंत दाब आणणारी नळी. काटेवाल्यांच्या आयुष्यातली निम्मी भांडणं नळीवरून झालेली आहेत. ती जोडायची मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे. अलीकडे जोडली तर व्हॅक्यूम दिसत नाही. ब्रेकच्या सर्व्होजवळ जोडली तर मधे एकतर्फी झडप असते. टर्बोने दाब दिला की ती मिटते आणि काटा तोंड फिरवून बसतो. नळीही कुठली वाटेल ती चालत नाही. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने त्यांच्यासमोर माशांच्या टाकीची पारदर्शक नळी धरली, तेव्हा काटेवाल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. ती बॉनेटखालच्या उष्णतेने मऊ पडते, एके दिवशी टी आकाराच्या जोडावरून निसटते. मग फुस्स आवाज, आरपीएम वरखाली, चेक इंजिनचा पिवळा दिवा. सिलिकॉनचीच हवी, आतून चार मिलिमीटर, घट्ट बसणारी, आणि तरीही प्रत्येक टोकाला झिप टाय.

ऐन जोडणीच्या दिवशी मी हजर होतो. मूळ नळी कापण्याआधी त्यांनी ती तीनदा मापली आणि एकदा नमस्कार केला. ब्लेडने छेद दिला, टी बसवला, झिप टाय ओढले, शेपट्या कातरल्या. हे दहा मिनिटांत उरकलं. नंतरचे दोन तास नळी आत आणण्यात गेले. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात वायरींसाठी रबरी ग्रॉमेट असतं. त्याला भोक पाडायला वहिनींची स्वेटरची सुई कामी आली. नळी तारेला बांधून मी बॉनेटकडून ढकलतोय आणि काटेवाले पेडलांपाशी डोकं खाली, पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत “आली... आली... गेली” म्हणतायत. वॉचमनने येऊन विचारलं, “साहेब, काही पडलंय का?” वहिनी चहा घेऊन आल्या, पायांकडे बघून म्हणाल्या, “अहो, काल गाडी चालू होती ना?”

गाडी सुरू झाली आणि काटा डावीकडे साधारण 0.6 बारवर जाऊन स्थिर उभा राहिला. काटेवाल्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, की टाळ्या वाजवणं भाग पडलं.

तेव्हापासून काटा बहुतेक तिथेच आहे. कर्वे रस्त्यावर दुसरा गिअर हीच चैन असताना टर्बो बिचारा काय दाबणार? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बूस्ट गेज हे मुख्यतः बूस्ट नसल्याचं दाखवणारं यंत्र आहे. पण खंबाटकी घाट लागला की काटेवाले सरसावतात. मागे ट्रक नाही, पुढे मोकळं, पाय खाली, काटा शून्य ओलांडून उजवीकडे. “पाऊण बार!” ते ओरडतात. “समोर बघा!” वहिनी ओरडतात. गेज समोरच्या काचेशेजारच्या खांबाला लावलेलं असल्यामुळे आपण समोरच बघतोय, असं त्यांचं म्हणणं. महाबळेश्वरला पोचल्यावर माणसं स्ट्रॉबेरी खातात. हे पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून, सुमारे 1,370 मीटर उंचीवर हवाच विरळ असल्याने काटा पुण्याइतका डावीकडे का जात नाही, ते शेजारच्या अनोळखी कुटुंबाला समजावतात. कुटुंब गाडीत बसून काचा वर करतं.

गेल्या वर्षी ‘बी’ विंगमधल्या एकाने हौसेने आपल्या डिझेल गाडीला गेज लावून घेतलं. काटा कायम डावीकडे. सिंहगड चढतानाही ढिम्म. दुकानदाराने सांगितलं, “साहेब, म्हणजे इंजिन एकदम फिट.” काटेवाले हे ऐकून हसतात कसले, त्यांना ठसका लागला. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी थ्रॉटलने हवा अडवत नाहीत, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये म्हणावा असा व्हॅक्यूम नसतो. ब्रेकसाठी वेगळा पंप असतो आणि दुकानदाराने टी नेमका त्या पंपाच्या नळीवर ठोकला होता. “मग तो काटा दाखवतोय काय?” मालकाने विचारलं. “पंप चालू आहे, एवढंच!” काटेवाले म्हणाले. महिनाभर ही गोष्ट ते लिफ्टमध्ये सांगत होते.

आता मुलगा म्हणतो, बाबा, पोलो पुरे, विजेची गाडी घेऊ. टर्बो नाही, मॅनिफोल्ड नाही, थ्रॉटलही नाही. काटेवाले पंधरा दिवस गप्प होते. मग मुलाच्या आग्रहाखातर शोरूममध्ये गेले. रेंज विचारली नाही, किंमत विचारली नाही. बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच शोरूममधल्या मुलीला विचारलं, “ब्रेकला व्हॅक्यूम कुठून घेतलाय?”

“विचारून सांगते, सर.”

ती आतून येऊन म्हणाली, या मॉडेलला ब्रेकसाठी विजेवर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप आहे, पंपापासून नळी जाते. काटेवाल्यांनी डोकं बाहेर काढलं, खिशातून मोजपट्टी काढली आणि मुलाला म्हणाले, “बुक कर.”