गँटराव

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे. मजल्यावर मात्र सगळे त्यांना गँटराव म्हणतात, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियरने १९१० च्या दशकात कारखान्यातल्या कामांसाठी आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले आणि १९१९ साली तो वारला. त्या तक्त्यांचं पुढे काय झालं हे बघायचं असेल तर हिंजवडीत आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर यावं.

गँटरावांच्या स्क्रीनवर एक तक्ता कायम उघडा असतो. निळी पट्टी डिझाइनची, हिरवी कोडिंगची, पिवळी टेस्टिंगची. एकीच्या शेपटाला दुसरी, अशा त्या पायरीपायरीने उतरत जातात. काम मागे पडलं की इतर मॅनेजर ओरडतात. गँटराव ओरडत नाहीत. ते माऊसने पट्टी धरतात आणि अलगद उजवीकडे सरकवतात, झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशी. मग मान जराशी तिरकी करून म्हणतात, "आता बसलं." तारीख मात्र सरकवता येत नसली की टेस्टिंग आकसतं. गेल्या खेपेला ती पिवळी पट्टी एवढीशी उरली होती की तिच्यावर 'टेस्टिंग' हा शब्दही मावेना.

अंदाज कसा निघतो तेही सांगतो. नव्या पोराला विचारावं, किती दिवस? पोरगं म्हणतं, दोन. टीम लीड पोराला ओळखून असतो, तो चार लिहितो. गँटराव लीडला ओळखून असतात, ते सहा करतात. मग फाइल सेल्सकडे जाते आणि सेल्सवाला कस्टमरच्या केबिनमध्ये चहा पितापिता सांगतो, "दोन दिवसांचं तर काम आहे!" म्हणजे फिरून आकडा पोराचाच, फक्त काम आठ दिवस चालतं.

मधे कंपनीने अ‍ॅजाइल नावाची कामाची पद्धत घेतली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला, सॉफ्टवेअरवाले १७ जण जमले आणि त्यांनी तिचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं जास्त मोलाचं, असं त्यात एक कलम आहे. गँटराव दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले, जाहीरनामा लॅमिनेट करून टेबलावर ठेवला आणि पुढच्या दहा महिन्यांचे सगळे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, त्याच दुपारी तक्त्यात बसवून टाकले.

तेव्हापासून सकाळी स्टँडअप असते. पंधरा मिनिटांची, उभ्याने. आमची पाऊण तास चालते, त्यामुळे शेवटी जो तो भिंत शोधतो. "कुठवर आलं?" "नव्वद टक्के झालंय, सर." हे नव्वद टक्के म्हणजे आमच्याकडची जुनी चाळ आहे. काम एकदा तिथे राहायला गेलं की पागडीच्या भाडेकरूसारखं जागा सोडत नाही.

हसतो आम्ही, पण एक कबूल करायला हवं. कस्टमर "कधी देणार?" असं विचारतो तेव्हा आम्ही सगळे लॅपटॉपात डोकं घालतो आणि तारीख एकटे गँटराव सांगतात. ती चुकणार हे त्यांना माहीत असतं. तरी सांगतात.

मी त्यांच्याच सोसायटीत राहतो, म्हणून घरचा गणपतीही पाहिला. फ्रिजवर तीन रकाने आखलेले: करायचं, चालू, झालं. खाली पिवळ्या चिठ्ठ्या: मखर, दुर्वा, गुरुजी, मोदक. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पॉइंट. आमच्यात कामाचा आकार दिवसांत मोजत नाहीत, १, २, ३, ५, ८, १३, २१ अशा चढत्या आकड्यांत मोजतात. मोदकांच्या चिठ्ठीपाशी गँटराव एकदम थबकले.

"आई, नैवेद्याला मोदक एकवीस. एकवीस! म्हणजे फिबोनाची!"

"कोणाची?" आईंनी आतून विचारलं.

साडेदहा वाजले तरी 'मोदक' आपले 'चालू'मध्येच. गँटरावांनी शेजारच्या दोन काकूंना मदतीला बोलावलं. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच पुस्तक लिहून सांगितलंय. ते पुस्तक गँटरावांच्या कपाटात आहे. एका काकूंनी विचारलं, उकडीला तांदूळ कुठला. दुसऱ्यांनी विचारलं, सारणात खसखस का नाही. आई कळ्या पाडायच्या सोडून उत्तरं देत बसल्या आणि तेवढ्यात उकड गार होऊन पारी चिरायला लागली.

"अहो, मखराचा तिसरा कळस अजून रंगवायचाय," वहिनी बाहेरून म्हणाल्या. गँटरावांनी पेन काढलं, पुढची तारीख टाकायला. मग हात तसाच राहिला. चतुर्थी कुठे सरकवणार?

आईंनी ओल्या हाताने उकड पुन्हा मळायला घेतली. "राहू दे तो कळस. गणपती काय कळस मोजायला येतोय? आणि तू जरा बाहेर जाऊन बस."

आरती साडेबाराला झाली, दोन कळसांच्या मखरापुढे. मोदक एकवीस होते, त्यातले तीन फुटलेले. ते आईंनी खाली घातले.

दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो. फ्रिजवर अजून एक पिवळी चिठ्ठी होती, 'चालू'च्या रकान्यात. विसर्जन, ९० टक्के.