लिओनिडसचं चिलखत कोणी काढलं?

"अक्का, काल रात्री आमच्या टीव्हीनं झोपमोड झाली का हो तुमची? धाकट्यानं '३००' लावला होता."

"झाली ना. आधी वाटलं तुमच्याकडेच काही जुंपलंय. मग तलवारींचा खणखणाट ऐकला आणि जीव भांड्यात पडला."

"मला एक सांगा, तुमचा बी.ए.ला ग्रीक इतिहास होता ना? लढाईला निघालेली माणसं, आणि अंगावर काय, तर लाल झगा नि चड्डी! बाण लागेल म्हणून काही भीती?"

"अगं, खरे स्पार्टन असे कुठले यायला! डोक्याला ब्राँझचं शिरस्त्राण, छातीवर ब्राँझचं कवच, नाहीतर तागाच्या कापडाचे थरावर थर देऊन केलेलं. नडग्यांना पत्रे. डाव्या हाताला जवळजवळ तीन फुटी गोल ढाल. ढालीला ढाल भिडवायची आणि काही झालं तरी ओळ मोडायची नाही, ही त्यांची सगळी विद्या. सिनेमात ओळ दिसते घटकाभर, मग जो तो सुटा होऊन गिरक्या घेतो. पण कपड्यांवरून मी भांडणार नाही. फ्रँक मिलरचं १९९८ चं कॉमिक आहे, त्यातली चित्रं झॅक स्नायडरनं पडद्यावर उभी केली. आणि ग्रीकांनी तरी काय केलं? आपल्याच मडक्यांवर वीर पुरुष उघडेबंब रंगवले."

"मग भांडणार कशावरून?"

"दूतावरून."

"तो विहिरीत ढकलतात तो? धाकटा सोफ्यावर उभाच राहिला तेव्हा!"

"राहणारच. आता ग्रीक इतिहासकार हेरोडोटस काय सांगतो ते ऐक. दूत विहिरीत टाकले हे खरं. पण ते इराणच्या राजाचे, झर्क्सीसचे नव्हेत, त्याच्या बापाचे, दारियसचे. आणि सिनेमातल्या थर्मोपिलीच्या खिंडीतल्या लढाईच्या दहा-अकरा वर्षं आधी. शरण आल्याची खूण म्हणून माती आणि पाणी मागायला आले होते. स्पार्टावाले म्हणाले, दोन्ही विहिरीत आहे, घ्या काढून."

"म्हणजे किस्सा खराच की!"

"अर्धा. दूत मारणं म्हणजे पाप. नंतर स्पार्टात कौलच चांगला मिळेना. शेवटी दोन घरंदाज माणसं पुढं झाली, स्पर्थियास आणि बूलिस. त्या दूतांच्या बदल्यात आमचे जीव घ्या म्हणून थेट इराणच्या राजधानीत, सूसाच्या दरबारात जाऊन उभे राहिले. तोवर गादीवर झर्क्सीस आलेला. त्यानं दोघांना सोडून दिलं. तुम्ही नियम मोडलात म्हणून मीही मोडू का, असं त्याचं म्हणणं. शिवाय त्यांना मारून स्पार्टाचं पाप फेडून द्यायलाही तो तयार नव्हता. डोकं बघ माणसाचं! स्वतः थोर ठरला आणि त्यांना ऋणात ठेवलं."

"आणि सिनेमात तर नाकाकानात साखळ्या घातलेला ताडमाड राक्षस."

"दाढीसुद्धा काढली बिचाऱ्याची! पर्सेपोलिसच्या शिल्पांत राजे बघ, छातीपर्यंत कुरळी दाढी आणि अंगभर पायघोळ वस्त्रं. २००७ मध्ये इराणनं निषेध केला तो काय उगीच? तू म्हणशील, लांबची गोष्ट. लांबची कसली? आपल्याकडचे पारशी अजून मुलाचं नाव झर्क्सीस ठेवतात. टायटन घड्याळं उभी केली त्या देसायांचं नाव काय?"

"अय्या! झर्क्सीस देसाई!"

"हं. तसा तो राजा काही संत नव्हता हो. वादळानं पूल मोडला म्हणून समुद्राला तीनशे फटके मारवले, हेही हेरोडोटसच लिहितो. सिनेमावाल्यांना आकडा तिथंही आयता होता."

"पण ते तीनशे तरी तीनशेच होते ना?"

"स्पार्टाचे तीनशे. इसवी सनपूर्व ४८० मध्ये त्या खिंडीत पहिल्या दिवशी ग्रीक पाच-सात हजार होते. मागची पायवाट इराण्यांना दाखवली गेली, वेढा पडणार हे कळलं, तेव्हा स्पार्टाच्या राजानं, लिओनिडसनं, बहुतेकांना परत पाठवलं. थेस्पियाचे सातशे मात्र हललेच नाहीत. त्यांचा नायक डेमोफिलस. स्पार्टाच्या तीनशेंना राजाची आज्ञा होती. यांना कुणाचीच नव्हती, आपखुशीनं राहिले आणि सगळे मेले. लहानसं गाव ते! आणि स्नायडरच्या सिनेमात त्यांचं नाव नाही. १९६२ च्या जुन्या 'द ३०० स्पार्टन्स'मध्ये निदान ते थांबतात तरी. खिंडीजवळ लिओनिडसचा पुतळा १९५५ ला उभा राहिला, थेस्पियावाल्यांच्या स्मारकाला १९९७ उजाडलं."

"सातशे माणसं नि त्यांची ही कथा! लग्नात राबतात ते फोटोत नसतात, तसंच झालं हे."

"आणि हेलॉट? स्पार्टाची शेती तेच कसायचे, सगळे गुलामीत. स्पार्टावाले दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, का, तर एखादा मारला तर पाप लागू नये! प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. लिओनिडस स्वातंत्र्याच्या नावानं गर्जतो तेव्हा मला तेच आठवतं. गेंडे घालू देत, राक्षस घालू देत, माझी ना नाही. हेरोडोटसनं तरी काय कमी केलं? झर्क्सीसची माणसं स्वयंपाकी-हमालांसकट ५२,८३,२२० मोजली! वरचे वीससुद्धा सोडले नाहीत. भर घालणारे मला चालतात. माणसं गाळणारे नाही."

"पण ती सगळी गोष्ट एका डोळ्याचा शिपाई सांगत असतो ना? दुसऱ्या लढाईच्या आदल्या रात्री, पोरांना चेव यावा म्हणून?"

"बरोबर पकडलंस. ती युक्ती मलाही आवडली. तसा सांगणारा बढाया मारणारच, मग गेंडेही त्याच्याच खात्यावर. पण त्या शिपायाचं मूळ कुठलं, माहीत आहे? अरिस्टोडेमस. तो आणि युरिटस, दोघांचे डोळे आलेले, म्हणून लिओनिडसनं दोघांना मागं पाठवलेलं. लढाई पेटल्याचं कळताच युरिटसनं आपल्या हेलॉटला सांगितलं, मला तिथं घेऊन चल. दिसत नसताना लढला आणि मेला. अरिस्टोडेमस घरी आला."

"मग? सिनेमात तर त्याचा केवढा मान!"

"खऱ्या गावात त्याला कुणी चूल पेटवायला विस्तव देईना. कुणी बोलेना. भित्रा म्हणून हाक मारायचे."

"बाई गं! विस्तवसुद्धा नाही?"

"नाही. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो एकटा ओळ सोडून धावला, वेड्यासारखा लढला, मेला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशीचा सगळ्यांत शूर तोच. पण स्पार्टानं सन्मान नाकारला. म्हणे, मरायचंच होतं म्हणून ओळ मोडली. आता हा माणूस सोडून तिथं हजारोंच्या पुढं धावणारा हसतमुख वीर उभा करायचा, याला काय म्हणायचं? एवढा सिनेमा आयता हाताशी होता."

"माझ्या तर अंगावर काटा आला. आणि तो ब्रॅड पिटचा 'ट्रॉय'? तो तरी बरा ना?"

"२००४ चा? त्यात देवच काढून टाकले. होमरमधून देव काढले तर अर्धी भांडणं कुणी लावली तेच कळत नाही! आणि हेलनच्या नवऱ्याला, मेनेलाउसला, हेक्टरच्या हातून मारलं. अगं, तो हेलनला घेऊन घरी गेला, पुढं दोघं नीट नांदली, 'ओडिसी'त पाहुण्यांना जेवायला वाढतात. अगामेम्नॉनला तर ब्रिसेइसनं ट्रॉयमध्येच भोसकलं. त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा दहा वर्षं घरी वाट बघतेय त्याला मारायला, तिनं काय करायचं?"

"हाहा! पण प्रायम मुलाचं प्रेत मागायला येतो ते बघताना मी रडले हो."

"मीही. पीटर ओ'टूल. ते होमरचंच, तिथं शहाण्यासारखा हात कमी लावलाय. आणि अकिलीस झालेल्या ब्रॅड पिटला चित्रीकरणात दुखापत कुठं झाली सांगू? टाचेवरच्या स्नायुबंधात. अकिलीसचाच!"

"नका हो!"

"खरंच. आणि या लोकांना नावं ठेवताना आपल्या मुंबईनं काय केलं तेही बघ. १९४१ चा सोहराब मोदींचा 'सिकंदर'. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस. आणि रुखसाना कोण? वनमालाबाई!"

"'श्यामची आई'तल्या?"

"त्याच. श्यामची आई पुढं १९५३ ला. त्याआधी या सिकंदरावर जीव टाकत होत्या. रक्षाबंधनाला पोरसला राखी बांधतात आणि सिकंदराला मारणार नाही असं वचन घेतात. आता ग्रीकांच्या कुठल्या पोथीत राखी? खरी रुखसाना बॅक्ट्रियातल्या सरदाराची लेक."

"म्हणजे राखी खोटी? अक्का, मी शाळेत निबंधात लिहिलीय ती!"

"लिहिली असशील. मी दोन्ही नातवंडांना सांगितलीय."

"असं होय! मग स्नायडरवर एवढा राग कशाला? राखीवरही बोला की काहीतरी."

"नाही बोलणार. वनमालाबाईंनी बांधलीय ती."