चार हजारांची केबल

सकाळी शेतकरी स्टार्टर दाबतो. लाइट आहे, पण मोटार उठत नाही. काठावर उतरून बघतो, तर केबलच नाही.

गुंजवणी-शिवगंगेच्या खोऱ्यात, नसरापूर-कामथडीच्या पट्ट्यात, ही सकाळ कुणाला नवी आहे? मोटारी नदीकाठी, वस्ती लांब आणि पुणे-सातारा महामार्ग जवळ. रात्री दोनला कापलेलं तांबं उजाडायच्या आत तालुक्याबाहेर.

चोर केबल केबल म्हणून विकत नाही. जाळतो आणि तांबं किलोवर घालतो. मोटार फोडून वायंडिंग काढतो. त्याला भंगाराचा भाव मिळतो. शेतकऱ्याला नवी केबल, नवी मोटार आणि वर आठ दिवस पाण्यावाचून तापलेलं रान.

ऊस आठ दिवस काढेल. कोथिंबीर काढेल?

आता कायदा बघा. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली. चोरीला गेलेला माल 5000 रुपयांच्या आतला असेल, तर गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चार हजारांची केबल गेली, की हातात एनसीचा कागद.

कायदा तांबं मोजतो. करपलेले वाफे कोण मोजणार?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला सरकारने वीज मोफत केली. चांगलं केलं. पण काठावर मोटारच नसेल, तर ती वीज न्यायची कुठे?

आणि हे तांबं घेतो कोण? जळकी तार दारात येते, तरी घेणाऱ्याला संशय येत नाही? चोरीच्या मालाचा सराईत धंदा करणाऱ्याला याच संहितेच्या कलम 317 मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आहे, जन्मठेपसुद्धा आहे. पोलिसांनो, चोरामागे रात्रभर पळण्याआधी भंगाराच्या वजनकाट्यापाशी दिवसाढवळ्या जाऊन उभं राहा.

गावानेही जागं व्हावं. ग्राम सुरक्षा यंत्रणेचा 18002703600 हा क्रमांक आहे. एक फोन केला, की नोंद असलेल्या साऱ्या गावकऱ्यांचे फोन वाजतात. तुमच्या आळीत किती जणांची नोंद आहे?

आणखी एक. मोटारीवरची नंबरची पट्टी उपटायला कितीसा वेळ लागतो? गट नंबर मोटारीच्या अंगावरच कोरून घ्या. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ठाण्यात आधी बिलच मागतात.