आधी टोटोरो, मग रानडुक्कर

मार्च २०२५मध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढण्याची नवी सोय आली आणि बघता बघता अवघ्या महाराष्ट्राचे डोळे मोठे झाले. डीपीवरचे नवरा-नवरी, आजी-आजोबा, पोळ्याचे बैल, हप्त्यावर घेतलेली बुलेट, सगळं एका जपानी म्हाताऱ्यानं रंगवल्यासारखं गुटगुटीत दिसू लागलं. ते म्हातारे म्हणजे अॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. त्यांचं नावही ज्यांच्या कानावर आलं नव्हतं, त्यांनी त्या शैलीतला पहिला नायक म्हणून स्वतःलाच पाहिलं आणि तो त्यांना आवडलाही. मियाझाकींच्या ‘द विंड राइजेस’मध्ये गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे. त्यावर एका चित्रकारानं सव्वा वर्ष घालवलं. आपली ढेरी मात्र चहाला उकळी फुटायच्या आत रंगवून मिळाली, आणि तीही दोन इंच कमी करून.

ही हौस फिटली असेल तर आता मूळ सिनेमे पाहायला हरकत नाही. पण सुरुवात कुठून करावी यावर जाणकारांचं एकमत नाही. पुण्या-मुंबईच्या चोखंदळ मंडळींचा कौल ‘स्पिरिटेड अवे’ला. २००१चा सिनेमा, २००२ला बर्लिनचं गोल्डन बेअर, २००३ला ऑस्कर. एवढी प्रमाणपत्रं घेऊन आलेल्या स्थळाला नाही कोण म्हणणार? शिस्तीची माणसं म्हणतात, सनावळीनं जा. आधी १९७९चा ‘कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’, मग १९८४चा ‘नौसिका’, मग पुढचे. पीएचडीला बसलेल्यांना हा सल्ला ठीक आहे. माझं म्हणणं असं की नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या, हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरच्या माणसानं या दोन्ही सल्ल्यांना लांबूनच हात जोडावेत आणि १९८८चा ‘माय नेबर टोटोरो’ लावावा. बाकीच्या सिनेमांत शिरायला काही ना काही पूर्वतयारी लागते. टोटोरोला जी लागते, ती महामार्गाच्या कडेला वाढलेल्या माणसाची कधीच झालेली असते. ती म्हणजे गाडीची वाट पाहणं.

गोष्ट एवढीशी आहे. टोकियोजवळचं १९५०च्या दशकातलं खेडं. आई दवाखान्यात भरती, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन जवळच्या गावात राहायला येतात. थोरली सात्सुकी, धाकटी मेई. एका संध्याकाळी पाऊस लागतो. वडील छत्री विसरून गेलेले, म्हणून मुली ती घेऊन थांब्यावर उभ्या राहतात. बस येते, वडील उतरत नाहीत, बस जाते. अंधार पडतो, दिवा लागतो, एक बेडूक रमतगमत जातो, मेई बहिणीच्या पाठीवर झोपी जाते. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. केसाळ, अगडबंब, आणि पावसापासून बचाव म्हणून डोक्यावर एक पान. सात्सुकी वडिलांची छत्री त्याच्या हातात देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटपतात, त्या आवाजानं स्वारीचे डोळे विस्फारतात आणि ती खुशीत अशी उडी मारते की झाडांवरचं सगळं पाणी एकदम धो धो खाली येतं. मग मांजराची बस येते. टोटोरो मुलींच्या हातात बियांची पुडी ठेवतो आणि छत्री घेऊन चालता होतो. नेलेली छत्री परत करायची नसते ही रीत जपानातही पाळतात हे कळलं, की परकेपणा तिथंच संपतो. जपानी कळत नाही ही तक्रारही इथं टिकत नाही, कारण या दृश्यात बोलणंच फार थोडं आहे. एष्टीची वाट पाहणाऱ्यांतही ते थोडंच असतं.

यावर पहिली हरकत ठरलेली. ना खलनायक, ना मारामारी, “काहीच होत नाही ना बाप्पा यात!” पण घरातली बाई दवाखान्यात असते तेव्हा घरात नेमकं काय होत असतं? सेवाग्रामच्या दवाखान्यात ज्यांचं माणूस भरती आहे, त्यांना विचारावं. सकाळ होते, स्वयंपाक होतो, लेकरं शाळेत जातात, आणि फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबतात. सिनेमा याच काळजीवर उभा आहे. आईसाठी मक्याचं कणीस घेऊन निघालेली मेई वाट चुकते आणि सगळं गाव तळ्यात चप्पल सापडली म्हणून हादरतं, तेव्हा खलनायकाची उणीव कुणाला भासत नाही. मियाझाकींची आई स्वतः मणक्याच्या क्षयानं वर्षानुवर्षं आजारी होती. त्यांना ही काळजी कुणी शिकवावी लागली नव्हती. दुसरी हरकत, हा लहान पोरांचा सिनेमा. असेल. पण १६ एप्रिल १९८८ला तो जपानात लागला तो दिग्दर्शक ताकाहातांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’च्या जोडीनं, एकाच तिकिटात. युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांचा तो सिनेमा. ज्यांनी ही जोडी लावली, ते पोरांना दुधखुळं समजत नव्हते, आणि थोरांच्या डोळ्यांचीही त्यांना दया आली नसावी.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे. शेतकऱ्याला शेताचं, रानाचं भांडण दाखवायचं, तर १९९७चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ का नको? कारण त्यात रानडुकरं देव आहेत. ज्यानं सोयाबीन पेरलं, रात्र रात्र जागल केली आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून लोळवलेला वावरभर पाला पाहिला, त्याला पहिल्याच दिवशी रानडुकराची व्यथा ऐकवणं हा अतिप्रसंग होईल. पण दुसऱ्या दिवशी ऐकवावी. गोळी लागून सैरभैर झालेल्या रानडुकरापासून सिनेमा सुरू होतो, पण ती गोळी बनवणारी एबोशी बाईही राक्षसीण नाही. ज्यांना जगानं टाकलं, त्या कुष्ठरोग्यांना ती आपल्या लोखंडाच्या वस्तीत काम आणि मान देते. ज्या हिंगणघाटात १९१४ला बाबा आमटे जन्मले आणि पुढं त्यांनी वरोऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं, त्या तालुक्यातल्या प्रेक्षकाला एबोशी समजवायला समीक्षक लागू नये. रान तोडणारी तीच, माणसं जोडणारीही तीच. मियाझाकी शेवटपर्यंत निकाल देत नाहीत. जंगलाची पोरगी जंगलात जाते, तिच्यावर जीव लावणारा पोरगा वस्तीत राहतो.

टोटोरो आधी हवा तो याच्यासाठी. त्यात वडील मुलींना घेऊन जुन्या कापराच्या झाडापुढं वाकतात आणि लेकीला सांभाळल्याबद्दल आभार मानतात. वटपौर्णिमा पाहिलेल्याला यात नवल नाही. झाडाला नमस्कार फुकट पडतो. रानडुकराला करायचा तर पीक द्यावं लागतं. फुकटातला नमस्कार ज्यानं मनापासून केला, त्याच्याशीच महागातल्या नमस्काराची बोलणी करता येतात. आणि ती बोलणी करायला डीपी बदलणाऱ्यापेक्षा जागल करणारा केव्हाही बरा, कारण डुकराशी त्याचा निदान परिचय तरी आहे.