मोजणीकाका पायला जातात

नेरुळच्या आमच्या सोसायटीत काकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी ते मोजणीकाका. १९७४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या सर्व्हेत लागले आणि खाडीकाठची शेतं, मिठागरं आणि टेकड्यांचे पायथे मोजत मोजत निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण टेप सुटली नाही. आमची लिफ्ट सातव्या मजल्यावर एकोणीस सेकंदांत पोहोचते हे सोसायटीला त्यांच्यामुळे कळलं. कुणाचं लग्न कसं झालं असं विचारलं, तर ते म्हणतात, "मांडव चाळीस बाय साठ. जेवणाची रांग सतरा मीटर. श्रीखंड दोन चमचे." मुलगी कशी होती, हे काकूंना विचारावं लागतं.

काकांचा दुसरा गुण म्हणजे जगातली कुठलीही गोष्ट नवी मुंबईत आधीच आहे, असं ते मानतात. ताजमहाल? नेरुळच्या वंडर्स पार्कात आहे. चीनची भिंत? तीही तिथेच, शिवाय वरून खाली उतरलं की भेळ मिळते. फ्लेमिंगो बघायला लोक आफ्रिकेत जातात, आमच्याकडे ते सीवूड्सला स्वतः येतात. अशा माणसाला परदेशी पाठवणं म्हणजे समुद्राला पाणी दाखवणं. तरीही मुलीनं हट्टानं तिकिटं काढली. थायलंडच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत एक छोटं गाव आहे, तिथे डिसेंबरात थंडी असते, धुकं असतं, आईला बरं वाटेल, असं तिचं म्हणणं. गावाचं नाव पाय.

सगळा घोटाळा या नावानं केला. काकांनी खाली बाकावर जाहीर केलं, "आम्ही पायला जाऊन येतो." तिथे बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या, "जा जा, पाय मोकळे केलेच पाहिजेत या वयात." "अहो, थायलंडला." त्याबरोबर आठ भुवया वर गेल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी थायलंड म्हटल्यावर बाकाला दुसरंतिसरं काही सुचत नाही. काकांनी घाईघाईनं "सहकुटुंब!" असं जोडलं, तेव्हा चारही चेहरे पडले.

मी बरोबर कसा गेलो? तर काका म्हणाले, "फील्डवर एकट्यानं जायचं नसतं. स्टाफ धरायला माणूस लागतो." हा स्टाफ म्हणजे लेव्हलिंगची आकडे रंगवलेली पट्टी. काकांच्या हयातीत दोनच प्रकारची माणसं झाली. एक दुर्बिणीतून बघणारी, दुसरी पट्टी धरून उभी राहणारी. माझी वर्गवारी झालेली होती.

विमान पकडायला आम्हाला सहारला जावं लागलं, हे काकांना फार लागलं. वाशीच्या खाडीपुलावर ते उलट दिशेला, उलव्याकडे, मान वळवून बसले होते. तिथे विमानतळाचं काम चालू होतं. "धावपट्टीची जागा मी कोवळी असताना पाहिली आहे," ते म्हणाले. बॅंकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी आहे हे पाहून ते जरा निवळले. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. काकांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नाही, प्रत्येक वेळी दीड तास मिळवत राहिले, कारण हिशेबाची संधी कोण सोडतो? चहाच्या बिलावर मात्र ते अडले. बिलावर वर्ष होतं २५६७. थायलंडात बुद्धाच्या निर्वाणापासून वर्षं मोजतात, आपल्या २०२४ मध्ये ५४३ मिळवायची. काकांनी बिल दुमडून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मला वाटलं, आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरनं दिलेली ताब्याची तारीख."

खरी गोष्ट पुढेच आहे. चिआंग माईहून पायला जायचा रस्ता, बराचसा महामार्ग क्रमांक १०९५, साधारण एकशेतीस किलोमीटरचा. त्यात ७६२ वळणं आहेत, असं तिथे सगळे सांगतात. चिआंग माईच्या बसथांब्यावर एका पोराच्या टीशर्टवर काकांनी हा आकडा छापलेला पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत मला १९७४ साल दिसलं.

"हे मोजलं कुणी?"

पोरगा हसला. थायलंडात कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर हसणं हेच असतं.

काकांनी पिशवीतून फील्डबुक काढलं. लाल रेघा मारलेलं, खऱ्या कामाचं. "आधी वळण म्हणजे काय, हे ठरलं पाहिजे. नागमोडी वळण एक धरायचं की दोन?" आमची व्हॅन सुटेपर्यंत व्याख्या पक्की झाली. यू आकाराचं एक, एस आकाराचं दोन, आणि ड्रायव्हरनं कुत्र्यासाठी मारलेला कट हिशेबात नाही. मी वळण ओरडायचं, काकांनी रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी.

निघताना काकूंनी गोळी पुढे केली. काकूंना कसाऱ्यालाही गाडी लागते, त्यामुळे त्यांनी स्वतः गोळी घेतलीच होती, वर आलेपाक आणि लिंबू हाताशी. काका म्हणाले, "मला? मी अख्खा माळशेज टपावर बसून केलाय." गोळी परत डबीत गेली.

शंभरपर्यंत काका रस्त्याच्या उताराबद्दल बोलत होते. दोनशेला सुपरएलिव्हेशनचं, म्हणजे वळणावरच्या तिरक्या उताराचं, कौतुक झालं. तीनशेला ते गप्प झाले. चारशेला मी "वळण!" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी जन्मभर विसरणार नाही. त्यानंतर अकरा रेघा पडल्या. मग फील्डबुक मिटलं. ड्रायव्हरनं मागे न पाहता प्लास्टिकची पिशवी पुढे केली. रोजचा सराव. काकू एका हातानं पाठ चोळत होत्या, दुसऱ्या हातात लिंबू. "अहो, राहू दे आता मोजायचं." आजही त्या पानावर ४११ पर्यंतच्या रेघा आहेत आणि शेवटची रेघ पानाबाहेर घसरत गेली आहे.

पाय हे गाव मोजणाऱ्या माणसाला अगदीच निरुपयोगी आहे. एक नदी, तिचंही नाव पाय. नदीवर बांबूचे साकव. संध्याकाळी एकाच रस्त्यावर भरणारा बाजार. स्कूटर भाड्यानं घेऊन हिंडणारी गोरी पोरं. या पोरांना डोंगरातली वळणं झेपत नाहीत, त्यामुळे पायमध्ये दर तिसऱ्या पोराच्या पायाला पट्टी. बाकी कुणालाच घाई नाही. काकांनी पहिल्याच दिवशी सेक्टर विचारला. हॉटेलवाली हसली. "पत्ता कसा सांगतात मग?" तिनं बोटानं डोंगर दाखवला.

पुढचे दोन दिवस काकांनी पाय आणि नवी मुंबई यांची जुगलबंदी लावली. मो पेंग धबधब्यावर लोक गुळगुळीत खडकावरून घसरून डोहात पडत होते. काका म्हणाले, "आमचा खारघरचा पांडवकडा १०७ मीटर आहे."

"पण काका, पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते."

"बंदीनं उंची कमी होत नाही."

पाय कॅन्यनमध्ये लाल मातीच्या कड्यांवरून पायवाट जाते, दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नावालाही नाही. पोरं तिथे सूर्यास्ताचे फोटो काढत होती. काका कठड्याचं एस्टिमेट काढत होते. गावाबाहेरच्या जुन्या लोखंडी पुलाशी ते दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैन्याची गोष्ट ऐकत थांबले खरे, पण कान गोष्टीकडे आणि नख गंजाकडे. "आमचा पहिला खाडीपूल १९७३ चा," ते पुलाच्या तुळईला म्हणाले. "खाऱ्या हवेनं खाल्ला. दुसरा बांधावा लागला १९९७ ला. तू बरा, डोंगरात आहेस."

काकू या काळात चुकूनही तुलना करत नव्हत्या. नेरुळहून आणलेली थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट त्यांनी पहिल्या संध्याकाळीच बॅगेच्या तळाशी सरकवलं होतं. रस्त्याकाठी एक बाई लाकडी उखळात कच्ची पपई, दाणे, मिरची आणि लिंबू कुटत होती. काकू तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या. मासळीचं पाणी नको, हे हाताच्या खुणेनं सांगितलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण दहा मिनिटांत काकूंच्या हातात मुसळ होतं. दुसऱ्या दिवशी शाकाहारी खाव सोय खाल्लं. नारळाच्या दुधातला रस्सा, खाली मऊ शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या, बाजूला कांदा आणि लिंबाची फोड. काकूंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मिसळच आहे की. फक्त माहेरी नारळ जास्त." ही तुलना काकांनाही मान्य झाली. त्यांनी तर्री आणखी मागितली. वाढणारी पोरगी हसली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेकडीवरच्या पांढऱ्या बुद्धाला गेलो. पायऱ्या ३५३ आहेत, असं सांगतात. काका मोजत वर चढले, प्रत्येक पन्नासाला थांबून, दमलो म्हणून नाही, नोंद करायची म्हणून. वर पोहोचले तेव्हा आकडा जुळला होता आणि ते प्रसन्न होते. "इथलं काम चोख आहे."

बुद्धाच्या पायाशी उभं राहिलं की अख्खं खोरं दिसतं. भात कापून झालेलं, खाचरांत कुठे लसणाचे हिरवे वाफे, मधून नदी, चुलींचा धूर आडवा पसरलेला. काकांनी सवयीनं डावा हात पुढे केला, एक डोळा मिटला आणि सुरुवात केली. "हे बघ. स्टेशन तिथे. डेपो त्या वळणावर. नदीकाठी पामबीचसारखा रस्ता. डोंगरालगत उच्च उत्पन्न गट. ही घरं म्हणजे गावठाण, ती मधे तशीच ठेवायची. शेतकऱ्यांचे साडेबारा टक्के इकडे. पाच सेक्टर आरामात बसतात. सहा..."

हात तसाच राहिला. पंच्याण्णव गावं, ३४४ चौरस किलोमीटर, हा नवी मुंबईचा आकडा काका पाढ्यासारखा म्हणतात. तोही आला नाही.

"बेलापूरच्या टेकडीवरून असंच दिसायचं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "असाच धूर. ७६ सालची गोष्ट. माणूस कमी होता त्या दिवशी, म्हणून टेपचं दुसरं टोक मी त्या शेतकऱ्यालाच धरायला दिलं. त्याच्याच शेताची मोजणी. धरलं बिचाऱ्यानं, अगदी ताठ. मग विचारलं, किती भरलं? मी सांगितलं. तो म्हणाला, आमच्या बापाला कधी मोजावं लागलं नाही."

"मग?"

"मग काय. मी पुढचं शेत मोजलं."

काकूंनी पर्समधून कानटोपी काढून त्यांच्या डोक्यावर चढवली आणि म्हणाल्या, "चला, थंडी पडली." उतरताना काकांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. मी मोजल्या. स्टाफ धरणाऱ्याला काहीतरी काम हवं.

परतीच्या व्हॅनमध्ये बसण्याआधी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. काकूंनी गोळी ठेवली. पहिल्याच नागमोडीला काकांची मान काकूंच्या खांद्यावर पडली, ती चिआंग माईचा सिग्नल लागल्यावरच वर आली. फील्डबुक त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं.

नेरुळला आल्यावर बाकानं त्यांना घेरलं. काकांनी बाजारात घेतलेला टीशर्ट घातला होता, छातीवर ७६२. "मोजलीत?" चौघांपैकी एकानं विचारलंच. दुसऱ्या कुणीही काहीतरी ठोकून दिलं असतं. पण खऱ्या सर्व्हेअरला खोटी एन्ट्री करता येत नाही. "चारशे अकरा माझी," ते म्हणाले, "बाकीची छापील." आणि सोसायटीच्या इतिहासात प्रथमच, मान खाली घालून लिफ्टकडे गेले.

मी मागोमाग वर गेलो. काकू चहा टाकत होत्या. काका टीशर्ट बदलून आले, तो घडी घालून कपाटात सर्वांत खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "तुम्ही झोपलात छान. माझा जीव मुठीत होता येताना. दरवेळी गाडी वळली की एक मणी ओढायचा आणि रामाचं नाव घ्यायचं. मधे डोळा म्हणून लागला नाही."

काकांचा कप ओठांपाशी थांबला. "दरवेळी?"

"दरवेळी. तो मेला उलटसुलट दोनदा वळायचा, तेव्हा दोन मणी."

"एस वळण. दोन," काका हळूच माझ्याकडे बघत म्हणाले. "आणि कुत्रं आडवं आलं तेव्हा?"

"कुत्र्यासाठी कसला राम? दत्त म्हटलं."

"माळा किती झाल्या?"

"सात झाल्या. आणि आठव्यातले सहा मणी."

काकांनी कप खाली ठेवला. एकशे आठ साते. ओठ हलले. फील्डबुक उघडून ४११ च्या पानाखाली, घसरलेल्या रेघेच्या शेजारी, त्यांनी ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि पेन काकूंपुढे केलं.

"हे काय?"

"सही कर. मोजणी तुझी आहे."

मग ते उठले, कपाटातून टीशर्ट काढला आणि तो घालून खाली बाकावर गेले.