निळ्या मफलरचे चार्टर्ड अकाउंटंट

लिव्हरपूल शहरात एव्हर्टन क्लबचा जुना चाहता ओळखायला निळा मफलर लागत नाही. मॅचच्या आधी पबमध्ये बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर वजाबाक्या मांडत बसलेले गृहस्थ दिसले की ते एव्हर्टनचे समजावेत. वय साठीच्या पुढे. शाळेत गणिताशी उभा दावा. घरचं विजेचं बिल बायको भरते, कारण यांनी भरलं तर दोनदा तरी भरलं जातं किंवा भरलंच जात नाही. पण प्रीमियर लीगचा नफा-तोट्याचा नियम विचारा, डोळे मिटून सांगतील.

"तीन वर्षांत १०५ मिलियन पौंड तोटा चालतो. आमचा काढला १२४.५. म्हणजे जास्तीचे साडेएकोणीस. आता यातून नव्या स्टेडियमच्या कर्जाचं व्याज वजा कर."

ऐकणारा वजा करत नाही. तो बिचारा सेंटर फॉरवर्डची चौकशी करायला आलेला असतो.

पूर्वी हे गृहस्थही सेंटर फॉरवर्डबद्दलच बोलत. १९८७ साली एव्हर्टननं लीग जिंकली, तो संघ ते अजून गोलकीपरपासून म्हणून दाखवतात. १९९५ साली एफए कप आला. त्यानंतर कपाटात मोठं असं नवीन काही आलेलं नाही आणि रिकाम्या वेळात माणूस वाचू लागतो. त्यातच त्या जास्तीच्या तोट्यापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबचे दहा गुण कापले गेले. फेब्रुवारीत अपिलात दहाचे सहा झाले. एप्रिलमध्ये पुढच्या तीन वर्षांच्या हिशेबासाठी आणखी दोन कापले. या पुढच्या तिनांत मागच्या तिनांतली वर्षं पुन्हा येतात, हा यांचा लाडका मुद्दा. एका बाळंतपणाची दोन बिलं, असं ते म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात तथ्य वाटतं.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी वकिलाची आणि ऑडिटरची भाषा बसली. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत करारातल्या वर्षांवर वाटून लिहायची, आणि अकादमीतून वर आलेलं घरचं पोरगं विकलं की आलेली सगळी रक्कम निव्वळ नफा! म्हणजे सहाव्या वर्षापासून जोपासलेला मुलगा वहीत सगळ्यात आधी विकण्याजोगा ठरतो. हे सांगताना मात्र गृहस्थांचा आवाज खरोखर चढतो. चेल्सीनं आपली हॉटेलं आपल्याच भावंड-कंपनीला विकून हिशेब जुळवला, हे तर त्यांना रामायणातल्या प्रसंगासारखं पाठ आहे. मँचेस्टर सिटीवर २०२३ च्या फेब्रुवारीत ठेवलेले आरोप मोजणाऱ्यांनी ११५ मोजले. गृहस्थांच्या मोबाइलचा पिन ०११५ आहे.

गुण कापल्यानंतरची, गुडिसन पार्क या घरच्या मैदानावरची पहिली मॅच मँचेस्टर युनायटेडशी होती. प्रीमियर लीगचं गीत सुरू झालं आणि हजारो लोकांनी 'भ्रष्ट' असा शिक्का मारलेली गुलाबी कार्डं वर धरली. हे गृहस्थही त्यात होते. तिसऱ्याच मिनिटाला युनायटेडच्या गार्नाचोनं पाठ गोलकडे करून हवेत उलटी लाथ मारली आणि गोल झाला. कार्डं अजून पुरती खाली आली नव्हती. मॅच ०-३ हरली. "गोल चांगला होता," एवढं फुटबॉलविषयीचं वाक्य त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघालं. पुढे पुन्हा कर्जाचं व्याज.

यांचा मेहुणा लाल, म्हणजे लिव्हरपूल एफसीचा. त्या शहरात एकाच घरात दोन्ही रंग नांदतात, आणि ख्रिसमसच्या जेवणाला टेबल लहान पडतं. मुळात एकाचे हे दोन क्लब भाडेकरूच्या भांडणातून झालेले. ॲनफिल्ड हे आधी एव्हर्टनचं मैदान. जमीनमालक जॉन होल्डिंगशी भाड्यावरून वाजलं, तेव्हा १८९२ मध्ये एव्हर्टन सामान उचलून गुडिसनला गेलं. रिकाम्या मैदानाचं करायचं काय, म्हणून मालकानं नवा क्लब काढला. गिरगावातल्या पागडीच्या खटल्यांना असा निकाल अजून लागलेला नाही. नव्या क्लबच्या लीग किताबांची संख्या वीस झाली, जुन्याची नऊवर थांबली. मेहुणा यावर वाद घालत नाही. दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवतो आणि मीठ मागतो.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासण्याची पद्धत, हा विषय निघाला की गृहस्थ ऑडिटरचे शरीरशास्त्रज्ञ होतात. नियमाप्रमाणे काखेच्या तळापर्यंत खांदा, त्याच्याखाली हात. खांदा पुढे असला तर ऑफसाइड, हात पुढे असला तर नाही. हे ठरवायला २०२५ च्या एप्रिलपर्यंत मैदानावरचा रेफ्री कानाला हात लावून उभा राहायचा आणि हीथ्रोजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये माणसं पडद्यावर रेघा ओढायची. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण इतक्या अक्षरशः कुठे राबवली गेली नसेल. २०२४ च्या जूनमध्ये वुल्व्ह्जनं व्हीएआर बंद करायचा ठराव आणला, तेव्हा बाकीचे एकोणीस क्लब विरोधात गेले. एकोणिसांत आपलाही होता, हे गृहस्थ सांगत नाहीत.

आणि मग फेब्रुवारी २०२५. गुडिसनवरची पुरुष संघांची शेवटची मर्सीसाइड डर्बी, म्हणजे याच दोन क्लबांची मॅच, लिव्हरपूल २-१ पुढे, अठ्ठ्याण्णवावं मिनिट. एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीनं चेंडू जाळ्यात हाणला आणि व्हीएआर सुरू झालं. ऑफसाइड आहे का, धक्का आहे का, पाहता पाहता जीव टांगणीला लागला, आणि गोल मान्य! त्या रात्री गृहस्थ विज्ञानाच्या प्रगतीवर बोलले. व्हीएआरनं खेळाचा सत्यानाश केला, हे वाक्य मेहुण्यानं उचललं. घरातली वाक्यं घरातच राहिली.

आता २०२६-२७ पासून तो नफा-तोट्याचा नियम जाऊन नवा येणार आहे: संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. इतक्या कष्टानं पाठ केलेला अभ्यासक्रम ऐन परीक्षेत बदलला, म्हणून गृहस्थ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टक्केवारी काढू लागले.

क्लबचा पुरुष संघही २०२५ मध्ये गुडिसन सोडून नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. जागा जवळपास त्रेपन्न हजार. गोदीत स्टेडियम बांधायचं ठरलं, तेव्हा युनेस्कोनं शहराचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला. त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. म्हणजे एव्हर्टनला निदान युनेस्कोनं तरी गांभीर्यानं घेतलं, असा गृहस्थांचा हिशेब. सँडहिल्स स्टेशनवरची रांग, नदीवरचा वारा, पायपीट, सगळं त्यांनी नोंदवून ठेवलंय. पण खरी अडचण निराळीच. गुडिसनवर त्यांची खुर्ची खांबामागे होती. हल्ला कसा फसला, बचाव कुठे झोपला, याचं उत्तर निम्म्या वेळा 'खांब आड आला' हे असायचं. नव्या जागी खांब नाही. संघ नव्वद मिनिटं सलग दिसतो. २०२५ च्या जुलैत फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला, त्या नियामकाकडे याबद्दल दाद मागता येईल का, ते गृहस्थ शोधताहेत. कलम अजून सापडलेलं नाही.